अडतीस इंचांचा ओटा

“अडतीस इंच,” सुभेदार म्हणाले.

मी टेपचं एक टोक फरशीवर दाबून उकिडवी बसले होते. गोडोलीतला नवाकोरा बंगला, प्लॅस्टर अजून ओलं, आणि स्वयंपाकघराच्या जागी चार भिंती आणि एक नळ. वर पाहिलं तर सहा फुटांचा माणूस, मिशा दोन्ही बाजूंना वळलेल्या, हात पाठीमागे.

“ओट्याची उंची म्हणताय का काका?”

“ओट्याचीच. अडतीस.”

त्यांच्या पत्नी शालनकाकू दाराला टेकून उभ्या होत्या. उंची चार फूट दहा इंच. मला टेप लावावा लागला नाही. माणसं नजरेनं मोजायची सवय आमच्या धंद्यात महिन्याभरात लागते. अडतीस इंचांचा ओटा या बाईंच्या छातीला लागला असता.

“काका, काकूंना त्यावर पोळी लाटायला स्टूल घ्यावं लागेल.”

“मग घेऊ स्टूल.”

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. मी तेव्हा साताऱ्यातल्या एका मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये नोकरी करत होते. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘केतकी कारखानीस, किचन कन्सल्टंट’ असं छापलं होतं. आईनं ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे स्वयंपाकीण का गं?” मी तिला समजावलं की स्वयंपाकीण स्वयंपाक करते, कन्सल्टंट तो कुठं करावा हे सांगते. मला स्वतःला चहासुद्धा धड येत नव्हता. पण कॅन्सर झाल्याशिवाय का कुणी कॅन्सरचा डॉक्टर होत नाही?

नोकरीत फायदे होते. एसी होता. कॉफी फुकट होती. लोकांची घरं आतून बघायला मिळायची. ड्रॉइंग रूममध्ये बुद्धाची मूर्ती असली तरी सिंकखाली काय चाललंय हे फक्त मला आणि झुरळांना ठाऊक असायचं. आणि खोटं कशाला सांगू, कोऱ्या कागदावर रेघा मारून तिथं तीन महिन्यांनी खरोखरचं स्वयंपाकघर उभं राहिलेलं पाहिलं की बरं वाटायचं. तोटे म्हणाल, तर रविवार नव्हता. लोक नेमके रविवारीच यायचे, सहकुटुंब, नाश्ता करून. एक नवरा, एक बायको, एक सासू आणि रंगांची तीन मतं. दोन तास आमच्या ड्रॉवर्सची उघडझाप करून शेवटी ‘आम्ही जरा विचार करून सांगतो’ म्हणून जायचे. एका गृहस्थांना ओव्हन हवा होता, पण तो चालू नसला तरी चालणार होता. मेहुण्याकडे होता म्हणून यांना हवा होता. मी त्यांना दोन विकले.

तर अशा सगळ्या अनुभवांवरून मी माणसं ओळखण्यात तरबेज झाले होते. निदान तसा माझा समज होता. सुभेदार मेजर दत्ताजीराव फडतरे यांना ओळखायला मला दीड मिनिट लागलं. तीस वर्षं पलटणीवर हुकूम सोडून आता निवृत्त झालेला, आणि सोडायला पलटण उरली नाही म्हणून बायकोवर सोडणारा माणूस. ओटासुद्धा स्वतःच्या उंचीला शोभेलसा हवा.

“काकू, जरा इकडे या,” मी मुद्दाम म्हटलं. “सरळ उभ्या राहा आणि कोपर वाकवा. कोपराच्या पाच इंच खाली ओटा, हे आमचं शास्त्र आहे.”

काकू आल्या. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग कोपर वाकवलं. हात थरथरत होता. साधा नाही, चांगला जाणवेल इतका. मी टेप लावला, तेवढ्यात त्यांनी हात झटकन पदराखाली घेतला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नवऱ्यासमोर कोपर वाकवायचीही भीती!

“एकतीस इंच,” मी जाहीर केलं.

“अडतीस,” सुभेदार म्हणाले.

“काकू, तुम्हाला काय वाटतं?”

“साहेब सांगतील तसं,” काकू म्हणाल्या.

झालं. मला एवढंच ऐकायचं होतं. कंपनीच्या फॉर्मवरचे पहिले रकाने मी तिथंच, न विचारता भरून टाकले.

दोन दिवसांनी ते दोघं शोरूममध्ये सही करायला आले. मी रात्रभर जागून वगैरे नाही, चांगली झोपून, ताजीतवानी होऊन एक खोटं तयार ठेवलं होतं.

“काका, एक अडचण आहे. एकतीस इंचांच्या वर ओटा नेला तर कंपनी गॅरंटी देत नाही. लेखी नियम आहे.”

“लेखी?”

“लेखी.”

असा काही नियम नव्हता. आमच्या कंपनीत लेखी म्हणावा असा एकच नियम होता, तो म्हणजे शोरूममधल्या खोट्या फळांना ग्राहकांनी दात लावू नयेत. पण ‘लेखी’ म्हटल्यावर सुभेदारांचा चेहरा बदलला. त्यांनी एकदा ड्रॉइंगकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या कमरेकडे.

“अगं पण पोरी—” काकू म्हणाल्या.

“शालन,” सुभेदार हळूच म्हणाले. काकू गप्प झाल्या.

“नियम आहे तर आहे,” असं म्हणून त्यांनी सही केली. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेला कृतज्ञता म्हणतात असं मी ठरवून टाकलं.

पुढे हे प्रकरण माझ्या फारच कामाला आलं. कंपनीचं पुण्यात शिबिर झालं, तिथं मालक गुगळे शेठनी मला स्टेजवर उभं केलं. मी चाळीस डिझायनर्सना सांगितलं, “ग्राहकाचं ऐकू नका, त्याच्या बायकोच्या कोपराचं ऐका.” टाळ्या पडल्या. एक मुलगी तर चष्मा काढून डोळे पुसत होती. मला बक्षीस म्हणून सहा सुऱ्यांचा संच मिळाला. त्यातली एकही सुरी कशी धरायची हे मला माहीत नव्हतं, पण व्यासपीठावर ते कुणी विचारत नाही.

गुगळे शेठ खूश होते. “केतकी, त्या सुभेदारांच्या किचनचे फोटो आण. पॅम्फ्लेटवर टाकू. ओट्याशी ती बाई हसतमुख उभी पाहिजे.”

म्हणून चार महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी कॅमेरा घेऊन गोडोलीला गेले. फोन केला नाही. आनंदी गृहिणी अचानक पकडलेली बरी दिसते, असं शिबिरात सांगितलं होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून काकूंचा आवाज येत होता.

“पीठ सैल झालंय. अजून मूठभर घ्या. एवढं न्हाई! मूठ म्हणजे माझी मूठ, तुमची न्हाई.”

मी स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले आणि तिथंच थांबले.

काकू खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर. आता ते दोन्ही हात लपवलेले नव्हते आणि त्यांचं थरथरणं थांबत नव्हतं. मांडीवर जणू दोन चिमण्या बसल्या होत्या. आणि माझ्या बक्षीसपात्र एकतीस इंची ओट्यापाशी सुभेदार मेजर दत्ताजीराव फडतरे भाकऱ्या थापत होते. कमरेला पट्टा बांधला होता, तो दुखण्याचा, रुंद, कातडी. ओट्यापर्यंत पोचायला त्यांनी दोन्ही पाय इतके फाकवले होते की पाणी प्यायला वाकलेला जिराफ दिसावा. दर भाकरीनंतर ते एक हात ओट्यावर टेकवून सावकाश सरळ होत, डोळे मिटून घेत, आणि पुन्हा वाकत.

माझ्या हातातली कॅमेऱ्याची पिशवी दाराला लागली. दोघांनी वळून पाहिलं.

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तेव्हा काकूच म्हणाल्या, “उलटा ती आधी.”

सुभेदारांनी उलटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “बसा.”

“काका, तुम्ही… रोज?”

“दोन वर्षं झाली. हिला कंपवात आहे. वाटी धरता येत नाही, तवा काय धरणार?”

“मग सांगितलं का नाहीत मला?”

सुभेदारांनी बायकोकडे पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं. काकूंनी मान हलवली नाही, पण बोलायला लागल्या.

“पोरी, आमच्या गावात लगीन निघालं की आधी माझ्याकडं माणूस यायचा, मग भटजीकडं. पाच-पाचशे माणसांचं पुरण मी एकटी बघायची. माझ्या हाताला चव हाय, असं सासूनं मरताना चारचौघींत सांगितलेलं. तो हात असा झाल्यावर… कीव करत्यात लोकं. मला नको ती. म्हणून ह्यांनी गाव सोडलं, हितं बंगला बांधला. भावकी म्हणती, सुभेदारानं बायकोला माणसांतनं तोडली. म्हणू द्या म्हणाले.”

मी उभीच होते. बसायची लाज वाटत होती.

तेवढ्यात फाटक वाजलं, आणि मोठ्यानं हाक आली, “दत्ता! हाईस का घरात?”

“आक्का!” काकू पुटपुटल्या.

वत्सलाआक्का म्हणजे सुभेदारांच्या थोरल्या बहीण. गावाहून सकाळच्या एसटीनं न सांगता आल्या होत्या. म्हणजे आनंदी गृहिणीला अचानक पकडायची पद्धत त्यांनाही माहीत होती, शिबिराला न जाता.

पुढच्या दहा सेकंदांत जे झालं ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. सुभेदारांनी हात धुतले, पट्टा सोडून फ्रिजमागे सारला, शर्ट झटकला आणि बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले. काकू खुर्चीवरून उठून ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि थरथर दिसू नये म्हणून दोन्ही तळवे ओट्यावर दाबून धरले. बाहेरून सुभेदारांचा खणखणीत आवाज आला, “अगं, चहा ठेवलास का नाही? किती वेळ झाला!”

इतकी सराईत कवायत मी परेडवरही पाहिलेली नाही.

“का ओरडतोस रं तिच्यावर?” आक्का बाहेर भावाला झापत होत्या. “जल्मभर पाणी तरी घेतलंस का हातानं?”

“तिचं काम आहे ते,” सुभेदार म्हणाले.

आत काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ही नजर मात्र मला कुठल्याही शिबिराशिवाय कळली. चहा कोण करणार? त्यांना भांडं धरता येत नव्हतं, आणि सुभेदार बाहेर अडकले होते.

“मला येत नाही,” मी कुजबुजले.

“आधण ठेव,” त्या कुजबुजल्या. “तीन कप पाणी. आता साखर. अजून. आलं ठेच. अगं, लाटण्यानं ठेच, मुठीनं न्हाई.”

मी विकलेल्या शेगडीवर मी पहिल्यांदाच गॅस पेटवत होते. चौथ्या काडीला पेटला. ती शेगडी लायटरशिवाय, नुसतं बटण फिरवून पेटते, हे मी किमान दोनशे ग्राहकांना सांगितलं होतं.

आक्का आत आल्या तेव्हा मी चहात दूध ओतत होते. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्यांची नजर परातीवर गेली. परातीत अर्धवट थापलेली भाकरी होती, ताटाएवढी, आणि तिच्यावर पाच बोटं उमटलेली. एकेक बोट माझ्या दोन बोटांएवढं.

“शालन, ही भाकरी कुणाची गं?”

काकूंचे तळवे ओट्यावर होते. ओटा नवा होता, दणकट होता, दहा वर्षांच्या गॅरंटीचा होता, पण त्यावरचा स्टीलचा पेला किणकिणायला लागला.

“माझी,” मी म्हटलं.

“तुझी?”

“मी काकूंकडे स्वयंपाक शिकायला येते. फार हात दाबला वाटतं.”

आक्कांनी भाकरी बोटानं उचलून पाहिली. “ही भाकरी हाय का बैलाचं खूर? लगीन झालंय का तुझं?”

“नाही.”

“होणार बी न्हाई,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला, एक घोट प्यायला आणि डोळे मिटले. “चहा मात्र शालनचाच. हात लपत न्हाई बाईचा.”

बाहेर वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज झाला.

आक्का तासाभरानं देवीच्या दर्शनाला म्हणून गेल्या, तेव्हा सुभेदारांनी मला जेवायला वाढलं. भरली वांगी आणि भाकरी. नोकरीच्या निमित्तानं मी तोवर शेकडो स्वयंपाकघरं पाहिली होती. तसं वांगं एकाही घरात खाल्लं नव्हतं. अर्ध्या भाकरीवर मी थांबले.

“काका, कंपनीचा तसा काही नियम नाही. एकतीस इंचांचा. मी खोटं बोलले.”

ते वाकून तवा पुसत होते. तसेच वाकलेले राहिले.

“का?”

“मला वाटलं, तुम्ही काकूंवर… मला वाटलं मी त्यांची बाजू घेतेय.”

“तुमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न होता,” ते म्हणाले. “स्वयंपाक कोण करतं? तो तुम्ही विचारला नाहीत. स्वतःच लिहिलंत, गृहिणी. मी वाट बघत होतो. विचारलं असतंत तर खोटं बोललो नसतो मी.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ओटा उंच करायचं ठरलं. ग्रॅनाइट उचलायचं, खालच्या कपाटांना सात इंच उंच पाय बसवायचे, टाइल्स पुन्हा लावायच्या. तीन दिवसांचं काम. काकूंना काळजी एकच. “लोकं इचारतील, एवढा उंच ओटा कशाला म्हणून.”

“सांग, सुभेदाराचा हट्ट,” ते म्हणाले. “नाहीतरी मी बदनाम आहेच. त्यात एक ओटा.”

गुगळे शेठना मी काकूंचं काही न सांगता एवढंच सांगितलं की माप माझं चुकलं, आणि पुण्यात मी जे भाषण ठोकलं ते खोटं ठरलं. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. कारागीर पाठवायला हो म्हणाले. मग म्हणाले, “ओटा बदल, गोष्ट बदलू नकोस. गोष्ट चांगली चाललीय.” पुढच्या शिबिरात ती गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली, आणि ऐकलं की त्यात काकू शेवटी रडतात.

मी तिथं आणखी सहा वर्षं काढली. पहिला प्रश्न मात्र विचारायला लागले. उत्तरं ऐकून थक्क व्हायची वेळ क्वचितच आली. बहुतेक घरांत स्वयंपाक तीच करत होती जी कोपऱ्यात गप्प उभी होती, आणि नवरा खरोखरच तसा होता जसा दिसत होता. सुभेदार काही दर रविवारी भेटत नाहीत.

गोडोलीला मी जात राहिले. आक्कांसाठी ‘शिकायला येणारी पोरगी’ हे माझं पद कायम झालं होतं आणि ते निभावायला शिकण्यावाचून इलाज नव्हता. काकू खुर्चीवरून सांगायच्या, सुभेदार करायचे, मी कांदे चिरायचे. शेवटच्या दोन वर्षांत काकूंचा आवाजही इतका बारीक झाला की सुभेदार त्यांच्या ओठांशी कान नेऊन मिठाचा अंदाज घ्यायचे.

दोन हजार सतराच्या माघात काकू गेल्या.

दहाव्यानंतर मी भेटायला गेले. घर भावकीनं भरलं होतं. बाया माजघरात बसून काकूंच्या हाताबद्दल बोलत होत्या.

“दुखणं एवढं, पर हात न्हाई बदलला. गेल्या दिवाळीच्या करंज्या आठवा.”

“आणि आखाडातलं ते पुरण! डोळं मिटून सांगावं, शालनचं म्हणून.”

सुभेदार भिंतीला टेकून बसले होते. मिशा आता खाली आल्या होत्या. प्रत्येक वाक्याला ते मान हलवत होते. “हो. हो. तिचा हातच तसा.”

“आता ह्येचं खायाचं कसं व्हायचं?” आक्का पदर डोळ्याला लावून म्हणाल्या. “साधा चहा येत न्हाई ह्येला. मीच राहते आता हितं.”

ऐंशीच्या घरातल्या आक्कांनी त्या दिवशी स्वतः स्वयंपाक केला होता. पंगतीत मला सुभेदारांशेजारी पाट मिळाला. आमटीला मसाल्याचा कच्चा वास होता, मीठ दोनदा पडलं होतं, भात तळाशी लागलेला. सुभेदार खाली मान घालून एकेक घास घेत होते.

बाया वाढायचं आणायला आत गेल्या, तेव्हा मी हळूच म्हटलं, “काका, आता तरी सांगून टाका. आक्का इथं राहिल्या तर जन्मभर हेच खावं लागेल तुम्हाला.”

त्यांनी भात कालवायचा थांबवला.

“तिला विचारायला पाहिजे ना आधी,” ते म्हणाले. “आता कुठं विचारू?”

मी माझ्या ताटातली आमटी भातावर ओतून घेतली.

आक्का भांडं घेऊन बाहेर आल्या. “आमटी वाढू का रं दत्ता?”

“वाढ,” सुभेदारांनी वाटी पुढे केली. “झकास झालीय.”